कोणाला कळतंय? – एका साउंडवाल्यास खुले पत्र

श्रीयुत ‘साउंड बसवून मिळेल’ यांस,



आपण पाठवलेली दोन्ही पार्सलं मिळाली. आपल्या हस्तकौशल्याचं कौतुक माझ्या दिवाणखान्यापुरतं राहू नये, चार लोकांत व्हावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. आपलं नाव मात्र लिहीत नाही. एक तर आपण प्रसिद्धीपासून दूर राहणारे. बिलावरसुद्धा नाव नव्हतं. आणि दुसरं, हा छंद करणारे आपल्याकडे इतके थोडे आहेत, की ज्यांना ओळखायचं ते आपल्याला पहिल्या हॉर्नलाच ओळखतील.

जे वाचक या वेडातून अजून वाचले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आम्ही काही माणसं छोट्या आगगाड्या जमवतो. खेळणी नव्हे, म्हणजे घरचे खेळणीच म्हणतात, पण ते जाऊ द्या. पूर्वी रुळांत बारा व्होल्टपर्यंतचा करंट सोडायचा, बटण फिरवायचं, की रुळावर असेल ते इंजिन पळायचं. पुढे जर्मनीत बर्न्ड लेन्झ यांनी एक पद्धत बसवली, आणि अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेनं १९९०च्या दशकात तिचं मानक केलं. तीच डीसीसी. हिच्यात रुळांत वीज कायम असते आणि त्या विजेतच आज्ञा मिसळलेल्या असतात. एकासाठी ५८ मायक्रोसेकंदांचे ठोके, शून्यासाठी साधारण १०० चे. इंजिनाच्या पोटातला नखाएवढा डिकोडर ते ठोके वाचतो, आज्ञा आपल्यासाठी आहे का ते बघतो, आणि मगच हलतो. याच डिकोडरमध्ये आता खऱ्या इंजिनाचा ध्वनिमुद्रित आवाज भरता येतो. थ्रॉटल वाढवला की इंजिन आधी गुरगुरतं, मग निघतं. ज्यानं हे एकदा ऐकलं, त्याला मुक्या इंजिनांत पुन्हा गोडी वाटत नाही. मलाही वाटेना, म्हणून आपल्या दारी आलो.

पहिलं इंजिन डेल्टिक.

आपण ते हातात घेऊन म्हणालात, “डिझेल आहे ना? झालं तर मग!” त्या क्षणी मी ते परत घ्यायला हवं होतं असं आमची ही म्हणते. पण आपला आत्मविश्वास असा, की समोरच्याला स्वतःच्याच ज्ञानाची शंका यावी.

तर, महाशय, डेल्टिक म्हणजे नुसतं डिझेल नव्हे. त्याच्या पोटात नेपियर कंपनीची दोन इंजिनं असत. एकेकात अठरा सिलिंडर, तेही त्रिकोणात मांडलेले, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. मूळ रचना आरमाराच्या वेगवान बोटींसाठी केलेली. दोन-स्ट्रोक, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांपर्यंत जाणारं. दोन्ही मिळून ३,३०० अश्वशक्ती. ब्रिटिश रेल्वेनं अशी फक्त २२ इंजिनं घेतली, १९६१-६२ मध्ये, लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिंबरोला जाणाऱ्या जलद गाड्यांसाठी. काहींना शर्यतीच्या घोड्यांची नावं दिली, काहींना पलटणींची. सुरू करताना आधी एक इंजिन, मग दुसरं. आणि धूर असा, की फलाटाचं दुसरं टोक दिसू नये. मग दोन्ही सुरांत आली, की एक अखंड घुमणारा घोष. त्यात ठोके वेगळे मोजताच येत नाहीत. १९८२च्या जानेवारीत ती सेवेतून गेली. त्यांतली सहा आजही जपलेली आहेत आणि कुठे चालणार असली की माणसं कॅमेऱ्याइतकेच मायक्रोफोन घेऊन गोळा होतात. म्हणजे आवाज उपलब्ध होता. रीतसर, नॉचवार, म्हणजे थ्रॉटलच्या पायरीगणिक, ध्वनिमुद्रित केलेला, विकत मिळणारा.

आपण काय भरलंत? अल्को.

मी कंट्रोलरवर आवाजाचं बटण दाबलं आणि किंग्ज क्रॉसच्या त्या हिरव्या देखण्या इंजिनातून आवाज आला – डुग… डुग… डुग… डुग. फोन केला तर आपण अभिमानानं सांगितलंत, “खास आपल्या घोरपडी शेडचा आहे, साहेब. डब्ल्यूडीएम-२. पुण्याच्या माणसाला ओळखीचा वाटावा म्हणून मुद्दाम टाकला.”

ओळखीचा वाटला, यात शंका नाही. अल्कोवर माझा राग असायचं कारणही नाही. सोळा सिलिंडरचं ते चार-स्ट्रोक इंजिन, २,६०० अश्वशक्तीचं; १९६२ पासून आपल्याकडे आलं आणि पुढे वाराणसीला बनू लागलं. फलाटावर उभं असताना ते असं सावकाश डुगडुगायचं, की बाकड्यावर ठेवलेल्या चहाच्या कपात वर्तुळं उठायची. ड्रायव्हरनं नॉच ओढला, की टर्बो जागा होईपर्यंत काही क्षण नुसता काळा धूर, आणि मग ती शीळ चढत जायची. तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. म्हणूनच तो डेल्टिकच्या तोंडी ऐकवत नाही. आपण मला माझ्याच गावचा आवाज नकोसा करून दाखवलात. हे सोपं काम नव्हे.

आणि हॉर्न! अल्कोचा हॉर्न निदान अल्कोचा असेल, अशी माझी भाबडी समजूत. पण तिथे आपण एखाद्या मालवाहू अमेरिकन इंजिनाचा पाच सुरांचा भोंगा लावला होता. का, विचारलं तर म्हणालात, “तो भारी वाजतो.” इंग्लंडचं शरीर, पुण्याचं पोट, अमेरिकेचा गळा. एवढा विश्वबंधुत्वाचा प्रसार तर संयुक्त राष्ट्रांनाही जमलेला नाही.

आता जरा आतलं बोलू. वरचं कवच मी काढलं, आणि दोन मिनिटं काही बोललो नाही. त्या मॉडेलमध्ये आठ पिनांचं सॉकेट होतं. डिकोडर आणायचा, दाबून बसवायचा, एवढंच काम. आपण ते सॉकेट मुळापासून कापून टाकलं होतं आणि वायरी थेट जोडल्या होत्या. डीसीसीत वायरींचे रंग ठरलेले असतात: लाल-काळी रुळाकडून, नारिंगी-करडी मोटरकडे, निळी दिव्यांची सामाईक. हे रंग कोणाची हौस म्हणून नाहीत. रुळाची वायर मोटरच्या वायरीला लागली की डिकोडर जळतो. आपण सगळीकडे एकाच रंगाची वायर वापरली. पांढरी. जवळून पाहिलं तर ती एखाद्या फोनच्या चार्जरची निघाली. एका तुकड्यावर अजून ५व्ही अशी पुसट अक्षरं दिसतात. सोल्डर कमी आणि इन्सुलेशन टेप जास्त. उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक पाझरून गिअरवर आला, म्हणून हल्ली डेल्टिक पुढे जातं पण वळणावर थबकून विचार करतं.

स्पीकर तर आपण कवचाच्या आतून ग्लू गननं चिकटवला होता, उघडाच. स्पीकरच्या पडद्याच्या पुढून आणि मागून निघणारा आवाज एकमेकांना मारतो, म्हणून त्याला मागून हवाबंद डबी लागते. साखरेच्या ठोकळ्याएवढे स्पीकर डबीसकट मिळतात. आपल्या स्पीकरसोबतही ती डबी आलीच असणार. ती आपण कुठे टाकलीत, हे आपलं आपल्यालाच ठाऊक. डबी नाही म्हणून आवाजात दम नाही. दम नाही म्हणून आपण आवाज शेवटपर्यंत वाढवला. आणि वाढवला म्हणून तो फाटला. एकदा हात घातलात की सोडत नाही, हे मात्र मानलं.

आवाजाची मोठाई हा तर आपला खास प्रांत. इंजिन ७६ पटींनी लहान, डबे ७६ पटींनी लहान, फलाटावरची माणसं बोटाच्या पेराएवढी. आवाज तेवढा मूळ आकाराचा! डिकोडरमधल्या सेटिंगच्या घरांना सीव्ही म्हणतात; एका जातीच्या डिकोडरमध्ये आवाज सीव्ही ६३ नं कमी करता येतो, दुसऱ्या जातीच्या सीव्ही २६६ नं. आपल्याला दोन्ही आकडे माहीत नव्हते असं मी म्हणणार नाही. कमाल किती ते आपल्याला पक्कं माहीत होतं. पहिल्या रात्री खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि काळजीनं विचारून गेल्या, “जनरेटर घेतलात का हो? सोसायटीची परवानगी काढलीत ना?”

दुसरं इंजिन वाफेचं. फ्लाइंग स्कॉट्समन. १९२३ मध्ये डॉन्कास्टरला तयार झालेलं, आणि १९३४ मध्ये ताशी शंभर मैलांची नोंद झालेलं पहिलं वाफेचं इंजिन. म्हटलं, डिझेलमध्ये चूक झाली असेल, वाफेत काय चुकणार? छुकछुक ती छुकछुक.

तीच तर मेख आहे. आपल्या बालगीतांतल्या गाडीला दोन सिलिंडर असतात, म्हणून चाकाच्या एका फेरीला चार फुत्कार. स्कॉट्समनला तीन सिलिंडर. फेरीला सहा. शिवाय त्याचे रचनाकार ग्रेस्ली यांच्या व्हॉल्व्हच्या रचनेमुळे, जरा झीज झाली की ते सहाही सारख्या अंतरावर पडत नाहीत. त्या लंगडत्या लयीवरून जाणकार डोळे मिटून इंजिन ओळखतात. आपण चार दिलेत. तेही चाकाशी न जुळणारे. म्हणजे चाक एकदा फिरतं तोवर आवाज कधी तीनदा होतो, कधी पाचदा. गाडी थांबल्यावरही दोनदा होतो, बहुधा सवयीनं.

पण खरी प्रतिभा सातव्या बटणावर होती. मी एफ-७ दाबलं. नियमानं तिथे फावड्यानं कोळसा टाकल्याचा आवाज, नाहीतर इंजेक्टरचा, असं काहीतरी असतं. सफरचंदी हिरव्या रंगाच्या, लंडनहून उत्तरेला निघालेल्या त्या राजबिंड्या इंजिनातून एका बाईंचा आवाज आला: “यात्रीगण कृपया ध्यान दें…” आणि एफ-८ वर, “चाय, चाय गरम!” घरचे सगळे हसून लोटपोट झाले. आमच्या हिनं तर तेव्हापासून मला चहा हवा असला की एफ-८ दाबायला सांगितलंय. तेवढ्यापुरता आपल्या कामाचा घराला उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आता पत्ता. डीसीसीमध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. कारखान्यातून येताना प्रत्येक डिकोडरवर तोच एक असतो: ३. बसवणाऱ्यानं तो बदलायचा, आणि इंजिनाच्या अंगावरच्या क्रमांकावरून द्यायचा, म्हणजे लक्षात राहतो. हे काम आपल्या कंट्रोलरवर एवढंच असतं, की अमुक सीव्हीत अमुक आकडा लिहा. आपण नाही लिहिलात. दोन्ही इंजिनं तीन नंबरची. परिणाम असा झाला, की पाहुण्यांसमोर मी स्कॉट्समनला फलाटावरून हलवायला गेलो आणि मागच्या सायडिंगला गप्प उभं असलेलं डेल्टिकही निघालं. हॉर्न दिला तर दोघांनी दिला. “यात्रीगण” म्हणेपर्यंत मागून अमेरिकेचा भोंगा. वेग घेण्याचा रुबाबही आपण काढून टाकला होता; सीव्ही ३ आणि ४ दोन्ही शून्य. शंभर टनांचं इंजिन जागच्या जागी उडी मारून निघतं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबतं. स्कॉट्समन थांबला, डेल्टिक त्याच्या शेपटीत शिरलं, आणि पाहुण्यांच्या चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना हा खेळ फार आवडला. म्हणाले, “काका, परत धडकवा ना!”

आपल्याला तक्रार सांगितली तेव्हा आपण जे उत्तर दिलंत, ते सोन्याच्या अक्षरांत कोरून प्रत्येक हौशी माणसाच्या दारावर लावावं: “साहेब, कोणाला कळतंय?”

आणि वर आपण मला माझ्याच शास्त्रात पकडलंत, तेही मान्य करायला हवं. म्हणालात, “तुमच्या ओओच्या रुळांची रुंदी तरी कुठे बरोबर आहे?” बरोबर नाही. ओओ हे आमच्या ७६ पटींनी लहान गाड्यांचं माप; त्याची १६.५ मिलिमीटर रुंदी ७६ पटींनी वाढवली, तर इंग्लंडचे रूळ चार फूट दीडेक इंचाचे ठरतात. असायला हवे चार फूट साडेआठ इंच. ही चूक जगजाहीर आहे, फार जुनी आहे, आणि ओओ घेणारा प्रत्येक जण ती बघून, समजून, नाइलाज म्हणून घेतो. रुळावरून त्याची फसवणूक होत नाही. ज्याला ती सहन होत नाही तो स्वतः चाकं बदलतो, रूळ घरी जोडतो. तडजोड समोर मांडलेली असली, की तिच्याशी भांडता येतं. आपली कवचाच्या आत, टेपमध्ये गुंडाळलेली होती.

“आणि परदेशी इंजिन, आपला काय संबंध?” असंही आपण विचारलंत. संबंध सांगतो. डेल्टिकं बांधली इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ची पहिली गाडी ओढली ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी. तीही त्याच कारखान्यातली. आपल्या भोर घाटात मालगाड्या ओढणारी डब्ल्यूसीजी-१ ही विजेची इंजिनं, ४१ पैकी ३१, तिथलीच. आणि आवाजाचाच विषय आहे म्हणून सांगतो: या इंजिनांना घाटातल्या चालकांनी ‘खेकडा’ म्हटलं. उभी असताना ती चमत्कारिक कण्हायची. कोणी कागदावर नाव दिलं नव्हतं. १:३७ च्या चढावर रात्रंदिवस काम करणाऱ्या माणसांनी कान देऊन ऐकलं होतं. त्यांना कळत होतं, महाशय. कर्जतच्या यार्डात कंदील घेऊन उभ्या असलेल्या माणसाला न बघता कळत होतं, की धुक्यात उभं आहे ते काय आहे.

खेकडे १९९०च्या दशकात गेले. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात. हात लावून बघता येतं. कण्हत मात्र नाही. घोरपडीच्या अल्कोंचीही सद्दी संपत आली आहे. म्हणजे ज्या आवाजावर आपण इतके उदार झालात, तोही पुढे डिकोडरमध्येच सापडायचा. तेव्हा कोणीतरी कुठेतरी, मी नाही तर माझ्या पाहुण्यांचे ते धडकेप्रेमी चिरंजीव, एका अल्कोत अल्कोचा आवाज शोधत येईल आणि आपण त्यात मोठ्या मनानं डेल्टिकचा भरून द्याल, अशी मला भीती वाटते.

बरं, दुरुस्ती काही फार नव्हती. डिकोडर दोन्ही चांगले निघाले. आपल्या हातून गेल्यावरही ते जिवंत राहिले, याचं श्रेय बनवणाऱ्याला. संगणकाला प्रोग्रामर जोडून खरी फाइल भरली, पत्ते बदलले, आवाज एक चतुर्थांशावर आणला, डबी लावली. डेल्टिक आता आधी एका इंजिनानं जागं होतं, जरा थांबतं, मग दुसऱ्यानं. गिअर धुऊन काढायचे अजून बाकी आहेत. काकू परवा जिन्यात भेटल्या; “जनरेटर परत केलात, बरं केलंत,” म्हणाल्या.

काही गोष्टी मात्र आपल्याकडे राहिल्या आहेत, त्या मिळाव्यात. डेल्टिकच्या चेसिसमधला लोखंडी वजनाचा जो तुकडा आपण स्पीकरसाठी कापून काढलात, तो. त्याच्याविना इंजिन हलकं झालंय आणि पाच डबे लावले की चाकं जागीच फिरतात. तसंच खोक्यात ट्रेच्या खाली एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात ब्रेकचे पाइप, पुढचा हूक आणि धातूच्या दोन नावपट्ट्या होत्या – ‘पिंझा’. डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नाव आहे ते. आपण पिशवी कचरा समजून फेकली असं फोनवर ओझरतं म्हणालात. हा छंद करणाऱ्यांत असं आहे, की खोकं, ट्रे आणि ती पिशवी नसेल तर इंजिनाचं मोल निम्म्यावर येतं. पण ते तर विकणाऱ्याचं झालं. मी विकणार नाही. मला फक्त घोड्याचं नाव हवंय.

कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. वेळ काढून एकदा जाऊन या. तिथे सिग्नल कसे पडतात, गाड्या कशा थांबतात, निघतात, ते शांतपणे बघा. हात मात्र कृपया खिशात ठेवा.

कळावे,

आपला,
पत्ता क्र. ३

ता. क. – बिलात ‘ट्यूनिंग चार्ज’ असा एक वेगळा आकडा आहे. कशाचं ट्यूनिंग, ते लेखी कळवावं. हॉर्न वाजवून नको.